कोरी पानं: आगोट, 'रामदास' बोट आणि माझी एआयची मास्टर्स

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा लोकलमध्ये रेंज जाते, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जे अं-अं झालं ते काढलंय, बाकी बरचसं जसंच्या तसं.

मागच्या काही महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "ताई, तू इथे इतिहासाच्या गोष्टी सांगतेस आणि तिकडे एआय आणि सप्लाय चेनची मास्टर्स करतेस. याचा त्याचा संबंध काय?" आधी मी हसून टाळलं, कारण खरं सांगायचं तर मलाही संबंध दिसत नव्हता. तो दिसला एका असाइनमेंटमध्ये नापास होता होता. आज तीच गोष्ट सांगते.

मेणबत्त्या कोणालाच नको होत्या?

मी मूळची किहीमची. अलिबागहून मांडवा जेटीला जाताना चोंढी नाका लागतो, तिथून समुद्राकडे वळलं की आमचं गाव. पुण्या-मुंबईच्या लोकांना ते बीचमुळे माहीत आहे, आम्हाला नारळ-सुपारीच्या वाड्यांमुळे. बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये लागले, आणि आता नोकरी सांभाळून शनिवार-रविवार ऑनलाइन मास्टर्स करतेय. विषय आहे एआयच्या मदतीने सप्लाय चेन सांभाळणं. सोप्या भाषेत, कुठला माल, किती, कधी आणि कुठून कुठे न्यायचा हे ठरवायला मशीन लर्निंग वापरायचं.

पहिल्या सेमिस्टरला मागणीचा अंदाज बांधायची असाइनमेंट होती. बाकीच्यांनी इंटरनेटवरचा तयार डेटा घेतला. मला वाटलं, आपण काहीतरी आपलं करू. आमच्या नात्यातल्या एका काकांचं किराणा दुकान आहे. त्यांच्याकडे रोजच्या विक्रीच्या लाल वह्या होत्या. काका म्हणाले, "घेऊन जा, पण परत आण हां. उधारी आहे त्यात लोकांची." चार रविवार बसून मी त्या वह्या एक्सेलमध्ये भरल्या. तांदूळ, तूरडाळ, मीठ, तेल, काडेपेट्या, मेणबत्त्या. मग मॉडेल ट्रेन केलं. एरर कमी आली, ग्राफ सुंदर दिसला, मी खूश.

मॅडमनी सबमिशन उघडलं आणि एकाच ठिकाणी बोट ठेवलं. जून २०२०. मेणबत्त्यांच्या रकान्यात ३ जूनला भरपूर विक्री आणि ४ जूनपासून पुढे अठरा दिवस शून्य. मॉडेल त्यावरून शिकलं होतं की जूनमध्ये मेणबत्त्यांची मागणी पडते.

मॅडमनी विचारलं, "या अठरा दिवसांत गिऱ्हाईक नव्हतं, की माल नव्हता?"

मला घाम फुटला. कारण त्या अठरा दिवसांत मी किहीममध्येच होते.

३ जून २०२०

तुम्हाला आठवत असेल, निसर्ग चक्रीवादळ. लॉकडाऊन चालू होता, मी वर्क फ्रॉम होम म्हणून घरी आलेली. हवामान खात्याने आधीच इशारा दिला होता, किनाऱ्याजवळच्या लोकांना हलवलं होतं. ३ जूनला दुपारी वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं. वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. आमच्याकडे सुपारीची झाडं काडेपेटीतल्या काड्यांसारखी मोडली. विजेचे खांब आडवे, मोबाइलचे टॉवर बंद.

काकांच्या दुकानाचे पत्रे उडाले. त्याआधी सकाळीच लोकांनी होत्या-नव्हत्या त्या मेणबत्त्या नेल्या. नंतर रोज कोणी ना कोणी यायचं, विचारायचं आणि हात हलवत परत जायचं. त्या परत गेलेल्या माणसांची नोंद कुठल्याच वहीत नाही. वहीत विकलेल्या मालाचीच नोंद होते. म्हणजे अख्खं गाव अंधारात बसलेलं असताना माझा डेटा सांगत होता की मेणबत्त्या कोणालाच नको आहेत.

याला आमच्या विषयात नाव आहे, सेन्सर्ड डिमांड. विक्री म्हणजे मागणी नव्हे. दुकानात दहा नग असतील तर विक्री दहाच्या वर जाणार नाही, मग मागायला शंभर जण येवोत. अशा अर्ध्या दिसणाऱ्या आकड्यांशी कसं वागायचं यावर जेम्स टोबिन या अर्थशास्त्रज्ञाने १९५८ साली पद्धत मांडली होती. ती आमच्या पुस्तकात आहे आणि मी तिच्यावर परीक्षाही दिली होती. पण आपल्याच गावाचा डेटा समोर आला तेव्हा ओळखता आला नाही.

माझ्या फोनवर एक ऑर्डर अडकलेली होती. पाच-सहा दिवसांनी एका टेकाडावर जाऊन जेमतेम रेंज मिळाली, तेव्हा अ‍ॅप म्हणत होतं, "उद्या येईल." रस्त्यावर अजून झाडं पडलेली होती.

आम्ही त्या दिवसांत जेवलो कशावर? आजीच्या आगोटीवर.

आगोट: कोकणची सेफ्टी स्टॉक

घाटावरच्या मित्रांसाठी सांगते. आगोट म्हणजे पावसाळ्याआधी घरात भरून ठेवायची बेगमी. तांदूळ, वाल, मसाला, मीठ, चिंच, आमसुलं, पापड, सुके बोंबील, सोडे, सुकट, जळाऊ लाकूड, गोवऱ्या, आणि माळ्यावर टांगलेल्या पांढऱ्या कांद्याच्या माळा. आपल्या अलिबागच्या त्याच कांद्याला आता जीआय मानांकन आहे. मे महिन्यात घराघरात ही धांदल असायची. का? कारण पावसाळ्यात समुद्र बंद. खवळलेल्या दर्यात होडी घालायची नाही, नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा आणि मगच बाहेर पडायचं. आजही साधारणपणे १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. मांडवा ते गेटवे प्रवासी बोटीही पावसाळ्यात थांबतात. २०२० साली सुरू झालेली रो-रो तेवढी हवामान बघून चालते.

आता पुस्तकाकडे या. साठा किती करावा याचं आधुनिक गणित १९१३ साली फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने मांडलं. थोडा थोडा माल मागवला तर दर खेपेचा खर्च वाढतो, एकदम भरला तर साठवणुकीचा खर्च वाढतो, आणि या दोहोंच्या मध्ये एक सोयीचा आकडा असतो. पुढे त्यात 'सेफ्टी स्टॉक' आला, म्हणजे अंदाज चुकला किंवा माल उशिरा आला तर हाताशी असावा असा जादा साठा.

मी आजीला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बाय, हे शिकायला तुला पैसे भरायला लागले?"

गंमत बाजूला ठेवू. आजीच्या पद्धतीत एक गोष्ट होती जी माझ्या मॉडेलमध्ये नव्हती. तिला माहीत होतं की चार महिने बातमीही येणार नाही आणि बोटही येणार नाही, म्हणून तिने बातमीवर अवलंबून न राहता साठा केला. आज दुकानं, गोदामं, मोठ्या कंपन्या साठा कमी करत चालल्यात, कारण त्यांना वाटतं माहिती वेळेवर मिळेल. माहिती मिळते तोवर ते बरोबरच असतं. माल पडून राहत नाही, पैसा अडकत नाही. माहिती थांबली की काय होतं, याचा धडा याच समुद्रात एकदा मिळालेला आहे.

१७ जुलै १९४७

आमच्या बाजूला जुन्या माणसांसमोर 'रामदास' म्हटलं की आवाज खाली येतो. 'रामदास' ही मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येणारी आगबोट. रेवस म्हणजे आमच्या अलिबाग तालुक्याचंच बंदर. १७ जुलै १९४७, गुरुवार. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. अमावास्या तोंडावर होती, गटारीला घरी निघालेले गिरणी कामगार, व्यापारी, बायका-मुलं बोटीत होती. सकाळी आठच्या सुमारास बोट निघाली. वाटेत पाऊस आणि वारा वाढला, लाटेचं पाणी आत आलं, लोक घाबरून एका बाजूला सरकले आणि काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बाहेर असलेल्या कोळ्यांनी आपल्या होड्यांमध्ये जमेल तेवढ्यांना ओढून घेतलं, म्हणून काही वाचले.

मला अस्वस्थ करणारा भाग यापुढचा आहे. बोटीवर वायरलेस नव्हता. सकाळी बोट बुडाली आणि मुंबईला कळायला दुपार उलटली, तेही वाचलेली माणसं किनाऱ्याला लागली तेव्हा. इतके तास धक्क्यावरच्या ऑफिसात 'रामदास'बद्दल काहीही आलेलं नव्हतं. काहीच न येण्याचा अर्थ सगळे काय लावतात? बोट वेळेवर पोचली असेल.

माझ्या मेणबत्त्यांच्या रकान्यातलं शून्य आणि त्या दिवशीची धक्क्यावरची शांतता मला एकाच जातीची वाटते. तिथे काही नोंदलं गेलं नाही, आणि आपण धरून चाललो की काही घडलंच नाही.

आता एक योगायोग बघा. त्याच १९४७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग हा गणितज्ञ तिथल्या हवाई दलासाठी काम करत होता. त्याने 'सिम्प्लेक्स' नावाची पद्धत शोधली. मर्यादित विमानं, मर्यादित इंधन, मर्यादित माणसं, आणि ठरावीक ठिकाणी ठरावीक माल पोचवायचा, तर सर्वांत चांगली योजना कोणती? हे पायरीपायरीने सोडवायचा तो मार्ग. याला 'लिनिअर प्रोग्रामिंग' म्हणतात. यातला 'प्रोग्रामिंग' शब्द कॉम्प्युटरवरून आलेला नाही, तो लष्कराच्या नियोजनावरून आला. आज तुमचं पार्सल कुठल्या गोदामातून निघावं हे ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात त्याच पद्धतीचे वंशज बसलेले आहेत. एका बाजूला हे गणित जन्माला येत होतं आणि दुसऱ्या बाजूला आमच्या बोटीवर साधा वायरलेस नव्हता. गणित कितीही चांगलं असो, खालून बातमी वर गेली नाही तर ते कामाला येत नाही.

डबा आला, आणि कोणाच्या दारात आला

पुढची उडी १९५६ ची. २६ एप्रिलला माल्कम मॅकलीन या ट्रकवाल्या उद्योजकाचं 'आयडियल एक्स' हे जहाज अमेरिकेतल्या नुआर्कहून ह्यूस्टनला निघालं, ५८ कंटेनर घेऊन. तोपर्यंत बंदरात माल पोत्यापोत्याने, पेटीपेटीने हाताने चढवत. त्याला टनामागे जवळपास ५ डॉलर ८६ सेंट खर्च येई. कंटेनरने तो १६ सेंटच्या आसपास आणला. आज जग स्वस्तात वस्तू हलवतं त्यामागे हा साधा लोखंडी डबा आहे.

तो डबा आमच्या रायगडात कसा आला? रेवसला उभं राहिलं की खाडीपलीकडे करंजा दिसतं. ते उरण. त्याच्या पुढे न्हावा-शेवा. तिथलं जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. आज ते देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. वर्षाला सत्तर लाखांहून जास्त टीईयू माल तिथून हलतो. टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरचं माप. माझ्या वर्गातल्या अर्ध्या केस स्टडी असल्या बंदरांवर असतात. जहाज किती तास थांबलं, कंटेनर यार्डात किती दिवस पडला, क्रेनने तासाला किती डबे उचलले. सगळं मोजलेलं, सगळं डॅशबोर्डवर.

पण याच पट्ट्यात आणखी एक इतिहास आहे. नवी मुंबईसाठी सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. भाव कमी, पुनर्वसनाचा पत्ता नाही. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून विकसित जमिनीचे साडेबारा टक्के परत देण्याचं तत्त्व आलं. नंतर देशात इतर ठिकाणीही लोकांनी त्याचा दाखला दिला.

आणि कोळी? शेवा कोळीवाडा बंदरासाठी उठला. त्या लोकांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात बसवलं, तिथल्या घरांना वाळवी लागली, आणि दुसऱ्यांदा पुनर्वसन मागण्यात त्यांची वर्षं गेली. समुद्रात भराव पडले, कांदळवन गेलं, भरतीचं पाणी जिथे खेळायचं तिथे रस्ते आले, मासळीच्या जागा गेल्या. याचा हिशोब बऱ्याच उशिरा लागला. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने फेब्रुवारी २०१५ मध्ये उरणकडच्या १,६३० पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडको या तिघांनी मिळून ती द्यायची होती.

१९८९ ते २०१५. सव्वीस वर्षं. या सव्वीस वर्षांत बंदराची कार्यक्षमता वाढली हे खरं आहे, आणि ते वाईट नाही. माझ्या हातातला फोनही कुठल्यातरी कंटेनरमधूनच आला असेल. पण मासेमाराला आता किती लांब जावं लागतं याचा रकाना कुठल्या डॅशबोर्डवर होता? रकानाच नसेल तर मॉडेलच्या लेखी ती किंमत शून्य.

डिग्रीची जन्मकथा

आता माझ्या डिग्रीकडे येते, कारण तिचाही इतिहास आहे आणि तो बऱ्यापैकी मुंबईत घडला. १९६३ साली भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने विहार तलावाजवळ 'नीटी' ही संस्था काढली, औद्योगिक इंजिनिअरिंग शिकवायला. कारखान्यात काम कसं वाटावं, साठा किती ठेवावा, वाया जाणारा वेळ कसा वाचवावा हे तिथे शिकवत. तेव्हा 'सप्लाय चेन मॅनेजमेंट' हा शब्दसुद्धा नव्हता. तो रूढ झाला १९८२ पासून, जेव्हा कीथ ऑलिव्हर नावाच्या सल्लागाराने एका मुलाखतीत तो वापरला. खरेदी, साठा, वाहतूक, विक्री हे वेगवेगळे विभाग एकमेकांना दोष देत बसतात, त्यापेक्षा सगळं एक साखळी म्हणून बघा, असं त्याचं म्हणणं होतं. २०२३ साली नीटीचं आयआयएम मुंबई झालं आणि तिथे आता ऑपरेशन्स आणि सप्लाय चेनचं एमबीए आहे.

१९८२ मध्येच आणखी एक मजेदार गोष्ट झाली. स्पायरोस माक्रिडाकिस या संशोधकाने १,००१ वेगवेगळ्या आकडेमालिका घेऊन अंदाज बांधायच्या पद्धतींची स्पर्धा लावली. निकाल काय? अवघड पद्धती साध्या पद्धतींपेक्षा चांगल्या ठरतातच असं नाही. गणितवाल्यांना ते फारसं आवडलं नाही. या स्पर्धा पुढे चालू राहिल्या आणि पाचवी स्पर्धा २०२० साली कॅगलवर झाली, वॉलमार्टच्या दहा दुकानांच्या विक्रीवर. यावेळी मात्र मशीन लर्निंग जिंकलं. आमच्यासारख्या कोर्सेसना जोर आला त्यात या निकालाचाही वाटा आहे.

तारखा बघा. ती स्पर्धा मार्च ते जून २०२० चालली. म्हणजे जगभरातले डेटा सायंटिस्ट वॉलमार्टच्या आकड्यांवर मॉडेल लावत होते तेव्हा इकडे काकांच्या दुकानाचे पत्रे उडत होते. आणि त्या वॉलमार्टच्या डेटामध्येही तीच अडचण होती. एखाद्या दिवशी विक्री शून्य असेल तर गिऱ्हाईक नव्हतं की शेल्फ रिकामं होतं, हे त्यातून कळत नाही.

किहीमचा जुना डेटा सायंटिस्ट

असाइनमेंट परत करायला मला दोन आठवडे मिळाले. काय करावं सुचेना. तेव्हा आमच्याच गावातली एक गोष्ट आठवली.

१९३० च्या सुमारास सलीम अली जर्मनीतून शिकून परत आले होते आणि त्यांना नोकरी नव्हती. ते पत्नी तेहमिना यांच्याबरोबर किहीमला राहायला आले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्यात ते शिडीवर आडोसा करून बसायचे आणि बघायचे. तासन्‌तास, दिवसेंदिवस. कुठल्या नराने कुठलं घरटं कधी बांधायला घेतलं, मादी कधी आली, तिने ते पसंत केलं की नाही. त्यातून जे कळलं ते नवीन होतं. नर घरटं अर्धवट बांधतो, माद्या येऊन ते तपासतात, पसंत पडलं तर मादी ताबा घेते आणि नर दुसरं घरटं बांधायला लागतो. आधीच्या लोकांनी तीच घरटी पाहिली होती. पण कोणतं घरटं नाकारलं गेलं हे बघायला तिथे बसून राहावं लागतं.

नाकारलेलं घरटं आणि दुकानातून परत गेलेलं गिऱ्हाईक. दोन्ही मागे काही पुरावा ठेवत नाहीत.

मी एक शनिवार लेक्चर बुडवलं आणि काकांच्या दुकानात गल्ल्याशेजारी बसले. वही उघडली आणि पान पान विचारत गेले. "काका, हे शून्य का?" काकांना सगळं आठवत होतं. "हा पेणचा होलसेलवाला आला नव्हता तेव्हा. हे आमच्या घरी लग्न होतं, दुकान बंद. हे लॉकडाऊन, पोलीस उभे असायचे. आणि हे... हे वादळाचं." मग थांबून म्हणाले, "अगं, त्या दिवसांत रोज पन्नास-साठ माणसं परत जात असतील. लहान मुलं असलेली घरं होती. मी मोजली नाही कधी. कशाला मोजणार?"

मी एक्सेलमध्ये एक नवीन रकाना घातला, "माल होता का?" हो किंवा नाही. एवढंच. 'नाही' असलेले दिवस मॉडेलला शून्य म्हणून न देता "इथे माहिती नाही" असं सांगितलं. मॉडेलची एरर वाढली. ग्राफ आधीइतका सुंदर राहिला नाही. पण जूनचा अंदाज वर आला, आणि तो बघून काका म्हणाले, "हां, आता कसं. जूनला एवढं लागतंच."

मॅडमनी पास केलं. फार मार्क नाही दिले. मी तेव्हापासून कुठलाही डेटा उघडला की आधी शून्यं शोधते.

तर, मास्टर्स करावी का?

हे तुम्ही विचारणार, मला माहितीये. माझं प्रामाणिक उत्तर असं. नावात 'एआय' आहे म्हणून करू नका, आणि घर गहाण टाकून तर मुळीच नका. सिलॅबस उघडा आणि चार गोष्टी आहेत का बघा. संख्याशास्त्र नीट शिकवतात का, लिनिअर प्रोग्रामिंग आणि साठ्याचं गणित आहे का, कोडिंग स्वतःच्या हाताने करून घेतात का, आणि एखादा प्रोजेक्ट प्रत्यक्ष गोदामात, बंदरात, मंडईत, दुकानात जाऊन करावा लागतो का. चौथी गोष्ट नसेल तर ती स्वतः करा. त्याला फी लागत नाही. तुमच्या ओळखीत एक किराणावाला, एक मच्छीवाली मावशी, एक टेम्पोवाला असतोच. त्यांच्याकडे दोन दिवस बसा.

माझ्या कामाच्या बाबतीत सांगायचं तर, उद्या मी लिहिलेलं मॉडेल कदाचित ठरवेल की पावसाळ्यात चोंढीच्या बाजूला किती माल ठेवायचा. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, रो-रो आहे, रस्ते रुंद होतायत. हिशोब करणारा कोणीही म्हणेल की मुंबई आता इतकी जवळ आहे, इथे साठा कशाला हवा? रोजच्या दिवसांसाठी तो हिशोब बरोबरही असेल. पण ४ जूनच्या सकाळी त्या हिशोबात कोण बसेल, आणि चुकला तर कोणाच्या घरात अंधार होईल, हे विचारणारं कोणीतरी त्या मीटिंगमध्ये असायला हवं. मला तिथे बसायचंय, म्हणून मी ही डिग्री करतेय.

काकांच्या वह्या परत दिल्या. जाताना त्यांना एक नवी वही दिली आणि सांगितलं, जे मागितलं आणि नव्हतं तेही लिहून ठेवा. काका म्हणाले, "बघू, वेळ मिळाला तर." गेल्या महिन्यात गेले तेव्हा वहीत तीनच ओळी होत्या. पहिली ओळ: "मेणबत्ती मोठी, २ जण."

चला, आज एवढंच. तुमच्या घरी आगोटीला काय काय भरायचे, ते आजी-आजोबांना विचारून मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातल्या काही ऐकवीन. भेटू मग. काळजी घ्या.